अपडेट पहिल्या बसने पाठवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटी ओलांडून पुढं गेलं की शाळेतल्या मुलांना एक गोष्ट न शिकवता येते. संगणकावर 'अपडेट उपलब्ध आहेत' अशी खिडकी उघडली की ती बंद करायची.

"सर, परत ते आलंय बघा. कापू काय?"

"काप."

हे 'काप' म्हणणाऱ्यांत मीही आहे. बेळगावात माझं संगणक दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. शाळा, वाचनालयं, दूध सोसायट्या, लग्नपत्रिका छापणारे ही माझी गिऱ्हाइकं. 'नंतर आठवण करा' हे बटण माझ्याइतकं दाबणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. बरीच वर्षं मला त्यात शहाणपणच वाटायचं. हॉटस्पॉट सरांच्या स्वतःच्या मोबाईलचा, त्यातला डेटा त्यांच्या पोरीच्या अभ्यासाचा. तो शाळेच्या संगणकावर का उधळायचा? सरांचं हे गणित आजही मला बरोबरच वाटतं. चूक आहे ती अपडेट वाटण्याच्या पद्धतीत, आणि ती सुधारायला नवा टॉवर लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा प्रश्न आत्ताच का निघाला ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडच्या शाळांत माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून, कुणाच्या ऑफिसातून उतरलेले म्हणून जे संगणक आलेत ते तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, चार जीबी रॅमचे. ते भंगारात घालावेत इतके वाईट नाहीत. एसएसडी बसवली, पंख्यातली धूळ काढली, की अजून पाच वर्षं ओढतात. त्यामुळं विंडोजच्या जागी "लिनक्स ही मोफत प्रणाली घालून द्या ओ" म्हणणारे वाढलेत. मी घालून देतो, आणि देताना काउंटरवर एक वाक्य ठेवणीतलं असायचं: याला व्हायरस लागत नाही.

ते वाक्य मी मागं घेतो. जानेवारी २०२२मध्ये पीकेएक्झेक नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅममधली चूक उघड झाली. ती २००९पासून तिथं होती. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर हा प्रोग्रॅम असायचा, आणि त्या चुकीचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता संगणकाचा मालक होऊ शकत होता. त्याच्या बरोबर वर्षभर आधी सुडो नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तशीच चूक सापडली, तीही दहाएक वर्षं जुनी. दोन्ही वेळा दुरुस्ती लगोलग आली. पीकेएक्झेकची दुरुस्ती तर आपण व्हॉट्सॲपवर 'सुप्रभात' म्हणून पाठवतो त्या फुलांच्या फोटोएवढीसुद्धा नव्हती. पण ज्या लॅबमध्ये अडीच वर्षं 'काप' चाललंय तिथं ती पोचलीच नाही. शाळेच्या संगणकात चोरण्यासारखं काय असतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा तिथला डेस्कटॉप बघावा. कर्नाटकाच्या शाळाखात्याच्या 'सॅट्स' या नोंदप्रणालीत भरायची मुलांची माहिती, आधारकार्डांचे स्कॅन, एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या परीक्षेचे अर्ज, सगळं तिथंच पसरलेलं असतं. सोसायटीच्या संगणकात सभासदांचे खातेक्रमांक असतात.

मग एवढीशी दुरुस्ती पोचत का नाही? कारण ती एकटी येत नाही. आधी कुठल्या पॅकेजची, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याची, कुठली आवृत्ती आली याची यादीच काही एमबीची. मग प्रणालीचा गाभा असलेला कर्नल, फर्मवेअर, ब्राउझर, लिबरऑफिस. सहा महिने न उघडलेल्या संगणकाला चारशे एमबी ही कमीत कमी भूक. दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा संपला की मोबाईलचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ केबी. चारशे एमबीला पन्नास हजार सेकंद, जवळपास चौदा तास. लॅबमध्ये बारा संगणक असले तर बारा चोक अठ्ठेचाळीस आणि वर एकशेवीस, १६८ तास. सात दिवस, सात रात्री. अखंड सप्ताहच म्हणा, वीणा खाली न ठेवता. आणि जुलैत जांबोटीपुढच्या कणकुंबीच्या पावसात वीज किती वेळा वीणा खाली ठेवायला लावते, हे तिकडं राहिलेल्याला विचारा.

या हिशेबात माझं लक्ष खिळतं ते १६८ तासांपेक्षा त्या 'बारा'वर. बाराही संगणक तेच उतरवून घेतात. अक्षर न अक्षर तेच. एकाच बारीक नळीतून एकच घागर बारा वेळा भरून आणायची, आणि शेजारच्या घागरीत तेच पाणी भरलेलं असताना तिच्याकडं बघायचंही नाही, असा हा कारभार आहे. याला आम्ही 'नेट स्लो आहे' म्हणतो.

बेळगावकरांना पाण्याचं उदाहरण वेगळं समजावून सांगायला नको. २००८च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेत शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकीचं शहर राकसकोप आणि हिडकलच्या पाण्याची पाळी बघत बसलं. चोवीस तासवाल्या गल्लीतल्या माणसाला बॅरल, हौद, टाकी यांचं महत्त्व हळूहळू वाटेनासं होतं. त्यात त्याचा दोष नाही. पण उद्या त्यालाच शहराच्या पाणीवाटपाचा आराखडा करायला बसवला तर तो टाकी काढून टाकील. लिनक्स ज्या देशांत मुख्यतः घडतं तिथली माणसं चोवीस तासवाल्या गल्लीतली आहेत. ती भली माणसं आहेत, केलेलं काम जगाला फुकट देतात, पण टाकी त्यांच्या ध्यानात राहत नाही.

फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराचं उदाहरण घ्या. २००९मध्ये फेडोरा ११पासून त्यांनी 'डेल्टा' पद्धत आणली. पूर्ण पॅकेज न पाठवता जुन्या आणि नव्यातला फरक तेवढा पाठवायचा, तुमच्या संगणकावर दोन्ही जुळवून नवं पॅकेज तयार करायचं. ऐकायला आमच्यासाठीच केलेलं वाटतं. २०२४मध्ये फेडोरा ४०ला ती बंद झाली. माझे काही मित्र यावर बराच तावातावानं बोलले, 'गरिबांचा घास काढला' वगैरे. मला तसं वाटत नाही. डेल्टा बनायचा तो ठरावीक मागच्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीपर्यंत. जो रोज अपडेट करतो त्याला तो लागू पडायचा. जो सहा महिन्यांनी उगवतो त्याची जुनी आवृत्ती इतकी मागं असते की फरक जुळतच नाही, आणि त्याच्या गळ्यात पूर्ण पॅकेजच पडतं. म्हणजे डेल्टाचा लाभ ज्याचं नेट बरं आहे त्यालाच जास्त. वर जुन्या प्रोसेसरला जुळवाजुळव करायला घाम फुटायचा, ते वेगळंच. दुखणं पुरवठ्याचं असताना औषध आकाराचं दिलं होतं.

त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र मला मनापासून हवीहवीशी वाटते. २००५पासून उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवाले 'शिपइट' नावाची योजना चालवायचे. पत्ता भरला की सीडी घरपोच, पैसा नाही, टपालखर्चही त्यांचाच. माझ्याकडं असं पाकीट आलं तेव्हा पोस्टमननं ते दारात देताना "फॉरेनचं हाय" म्हणून आमच्या आईला सही करायला लावली होती, गरज नसताना. शेजारच्या तीन घरांत ती सीडी फिरली. २०११मध्ये ही योजना बंद झाली. आता लोक डाउनलोड करू शकतात, हा त्यामागचा विचार शहरांपुरता खराच होता. तेव्हा ती अख्खी प्रणाली सातशे एमबीच्या सीडीत मावायची. उबुंटू २४.०४ची डेस्कटॉप फाईल साडेपाच जीबीच्या पुढं आहे. माल पोचवणारा टपालवाला घरी बसला आणि त्यानंतर माल आठपट फुगला.

इथं जरा आमच्या वर्तमानपत्रांकडं बघू. बेळगावात रात्री छापलेला पेपर पहाटेच्या बसमधून खानापूर, नंदगड, जांबोटी, लोंढ्याकडं जातो. स्टँडवर गठ्ठा उतरतो. गावच्या वाचनालयात एक प्रत पडते, ती चाळीस माणसं वाचतात, मग दुपारी कुणीतरी शब्दकोडं सोडवून ती निकामी करतो. प्रत्येक वाचकानं आपापली प्रत आणायला छापखान्यात यावं असं कुणी कधी म्हटलं नाही. अपडेट हा तर पेपरापेक्षाही सोपा माल आहे, कारण तो वाटला म्हणून वाटणाऱ्याकडचा कमी होत नाही आणि त्यातलं कोडं कुणी आधी सोडवून ठेवत नाही. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह खिशात घालून मी बसमध्ये बसलो आणि कणकुंबीला पोचायला दोन तास लागले असं धरलं, तर वेग भरतो सेकंदाला सत्तर मेगाबिटच्या आसपास. कंडक्टर तिकीट फाडतो ते फक्त माझं. सरकारनं २०२३मध्ये 'ब्रॉडबँड' म्हणायची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. आमची बस त्याच्या पस्तीसपट पुढं आहे, घाटात गाय आडवी आली तरी.

हे सांगितलं की शिकलेली माणसं लगेच दचकतात. पेन ड्राइव्हवरून? कुणाच्यातरी हातून आलेलं? त्यानंच तर व्हायरस पसरतो!

भीती रास्त आहे. पण लिनक्सच्या पॅकेजांबाबत ती बरीचशी गैरलागू का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. डेबियन (हाही लिनक्सचाच प्रकार) किंवा उबुंटू जेव्हा पॅकेजांची यादी प्रसिद्ध करतं, तेव्हा मूळ फाईलवर त्यांची डिजिटल सही असते. त्या फाईलमध्ये याद्यांचे ठसे असतात, याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. एका अक्षराचा फरक पडला तरी ठसा बदलतो. सही तपासायची किल्ली तुमच्या संगणकात पहिल्या दिवसापासून बसलेली असते. म्हणून 'ॲप्ट' हा पॅकेज आणणारा प्रोग्रॅम माल कुठून आला हे विचारत नाही, मोहोर शाबूत आहे का एवढंच बघतो. पूर्वी संस्थानचा लखोटा जासूद नेई, वाटेत चार घोडे बदलत. लाख फुटलेली नसली की मजकूर खरा. जासुदाच्या चारित्र्याचा दाखला कुणी मागत नसे. म्हणजे जी यंत्रणा परक्या सर्व्हरवर भरवसा ठेवायची गरज उरू नये म्हणून बनली, तीच आमच्या बसला, वाचनालयाला आणि शाळेच्या शिपाईमामांनाही लागू पडते. ही सोय वीसेक वर्षं त्यात पडून आहे आणि आम्ही ती वापरत नाही.

मोहोर कधीच फसत नाही असं मात्र नाही. जानेवारी २०१९मध्ये ॲप्टमध्येच एक चूक सापडली. सर्व्हरनं 'तिकडं जा' म्हणून दुसरीकडं वळवलं की त्या निरोपात खोटा ठसा घुसवता येत होता. वाटेतल्या लुटारूला तेवढी फट पुरे होती. ती बुजवली गेली, पण बुजवणारं पॅकेज आणताना 'वळवावळवी बंद ठेवून आणा' अशी सूचना द्यावी लागली होती. म्हणून ज्या संगणकावर २०१९च्या आधीचा ॲप्ट आहे त्याला पेन ड्राइव्ह लावण्याआधी नवी प्रणालीच घाला, असं मी सांगतो.

आणि दोन भानगडी प्रत्यक्ष काम करताना कळतात. डेबियनच्या सुरक्षा-यादीवर मुदत असते, दुधाच्या पिशवीवर असते तशी. मुदत उलटली की ॲप्ट ती नाकारतो, कारण जुनी यादी दाखवून तुम्हाला दुरुस्तीपासून लांब ठेवणं हाही हल्ल्याचा प्रकार आहे. म्हणजे माल नेला तर आठवड्याच्या आत उतरवायचा. दुसरी भानगड याच्या उलट. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला असतो. वीज गेली की घड्याळ जातं पंधरा वर्षं मागं. मग संगणक म्हणतो, ही यादी भविष्यातली आहे, मी घेत नाही. एका शाळेत अर्धा दिवस मी सर्व्हरला, केबलला, नशिबाला दोष देत बसलो होतो. शेवटी कोपऱ्यातली तारीख दाखवली ती सातवीतल्या मुलीनं. तेव्हापासून पिशवीत पेन ड्राइव्हच्या शेजारी सेलची पट्टी असते.

साधनं तयार आहेत, नव्यानं काही लिहायला नको. 'ॲप्ट-ऑफलाईन' हा प्रोग्रॅम रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकसकानं केला, आणि तो करणारा भारतीय असावा हे मला अगदी साहजिक वाटतं. गावातल्या संगणकावर तो 'मला काय काय हवंय' याची चिठ्ठी पेन ड्राइव्हवर लिहून देतो. ती चिठ्ठी घेऊन जिथं नेट बरं आहे तिथं जायचं, माल भरायचा, परत येऊन उतरवायचा. बाजारहाटाचीच रीत ही: घरून यादी, गावातून पिशवी. दुसरं साधन 'ॲप्ट-कॅशर-एनजी'. लॅबमधला एक संगणक साठवणदार करायचा, बाकीच्यांच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालायची. पहिल्यानं मागितलेलं पॅकेज बाहेरून येतं, उरलेल्या अकरांना ते खोलीतल्या खोलीत, वायरवरून, सेकंदात मिळतं. सप्ताह एका रात्रीवर येतो. यासाठी मी वापरतो ते मॉनिटर नसलेलं जुनं कॅबिनेट आणि पाचशे जीबीची डिस्क. डेबियनची एका प्रकारच्या प्रोसेसरसाठीची एक अख्खी आवृत्ती तिच्यात मावून जागा उरते.

पहिल्या प्रयत्नात मी तोंडावर पडलो होतो. बारा संगणकांवर उबुंटू २२.०४ होतं. साठवणदार बसवला, सगळं चोख, तरी दुसऱ्या दिवशी सरांचा डेटा सकाळी साडेदहालाच संपला. शोधल्यावर कळलं की त्या आवृत्तीत फायरफॉक्स 'स्नॅप' या वेगळ्या पेटीतून येतो. ती पेटी ॲप्टच्या वाटेनं येतच नाही. दिवसातून चार वेळा आपणहून बाहेर डोकावते, नवं दिसलं की शे-दोनशे एमबी ओढायला लागते, आणि प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे. विचारणं नाही, सवरणं नाही. थांबवायची आज्ञा नंतर उबुंटूवाल्यांनी दिली, फरक तेवढा पाठवायची सोयही स्नॅपमध्ये आहे, आणि एका ठिकाणी उतरवलेली पेटी सहीच्या कागदासकट दुसरीकडं नेऊन बसवताही येते. पण हे ज्याला माहीत त्याला. शाळेतल्या सरांना 'आपोआप' एवढंच कळतं, कारण कंपनीनं तेवढंच ठेवलंय.

माझी इथं तक्रार तत्त्वाची आहे. जो माल हातातून हातात सहज देता येत नाही तो कितीही चकचकीत पेटीत आला तरी आमच्या कामाचा नाही. लिनक्स मिंट या उबुंटूवरच बेतलेल्या प्रणालीनं २०२०मध्येच २०व्या आवृत्तीपासून स्नॅप दाराबाहेर ठेवला. आता मी शाळांना मिंट किंवा सरळ डेबियन देतो. दिसायला जरा साधं असतं. मुलांना काही फरक पडत नाही, त्यांना चित्रं काढायचा टक्स पेंट लागतो.

भाषेचंही यात अडकलंय, आणि त्यावर बोललं जात नाही. उबुंटू आपल्या कार्यक्रमांतली भाषांतरं काढून वेगळ्या भाषा-गठ्ठ्यात ठेवतं. नेटशिवाय प्रणाली बसवली की मोजक्या मोठ्या भाषा मिळतात, मराठीचा गठ्ठा 'नंतर उतरवून घ्या' म्हणून राहतो. मग कोपऱ्यात 'भाषा-आधार अपुरा आहे' अशी सूचना येते, आणि तिचंही सरावानं तेच होतं: काप. लिबरऑफिसच्या मराठी मेनूचं पॅकेज वेगळंच. याचा परिणाम असा की ज्या शाळेच्या पाटीवर मराठीसाठी गाव भांडलं, त्याच शाळेतला संगणक इंग्रजीत बोलतो, कारण काही एमबी आणायला कुणाकडं डेटा नव्हता. कन्नड शाळांची गत वेगळी नाही. त्यांचाही गठ्ठा 'नंतर'वरच असतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनीच्या साहित्य संमेलनांत मराठी टिकवण्याचे ठराव होतात, ते व्हायलाच हवेत. त्यातल्या एखाद्या मंडपाबाहेर, पुस्तकांच्या स्टॉलशेजारी, मराठी भाषा-गठ्ठ्यांचे पेन ड्राइव्ह भरून द्यायला एक टेबल टाकलं तर मी दिवसभर बसायला तयार आहे. चहा मात्र द्यावा.

आता मुख्य आक्षेप. "पाच वर्षांत फायबर येईल, फाईव्ह-जी येईल, मग हे सगळं कशाला?" हे मी २०११पासून ऐकतोय. अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना त्याच वर्षी मंजूर झाली. तिचं नाव पुढं 'भारतनेट' झालं. फायबर जिथं पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलंय तिथंही भिंतीपासून शाळेपर्यंतचं अंतर कुणाच्या खात्यात बसत नाही. आणि समजा उद्या भरपूर नेट आलं, तरी एकच माल बारा वेळा ओढणं शहाणपणाचं कसं ठरतं? विहीर भरलेली आहे म्हणून कुणी रहाटाला बारा दोर लावत नाही. शिवाय कुद्रेमनी, बेकिनकेरेकडं मोबाईल कर्नाटकात उभा राहून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूचा टॉवर पकडतो. सीमाप्रश्न २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. टॉवरनं आपापला निकाल केव्हाच लावलाय, आणि तोही दर पाच मिनिटांनी फिरवतो. अशा ठिकाणी डाउनलोड मधेच तुटणं ही रोजची गोष्ट आहे.

करायचं कुणी, हा खरा सार्वजनिक प्रश्न. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्यांच्या हौसेवर हे उभं राहू नये. माझा पाय मोडला तर तीन शाळांची सुरक्षा लंगडी होते, ही काय व्यवस्था झाली? कर्नाटकात ग्रामपंचायतींची वाचनालयं आता पंचायत राज खात्याकडं आहेत, त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणतात. अरिवु म्हणजे जाण. अनेक केंद्रांत संगणक आलेत, काही ठिकाणी बरं नेटही आहे. तिथं पाचशे जीबीची एक डिस्क, रात्री नेट मोकळं असताना भरणारी, आणि दिवसा येणाऱ्याला पेन ड्राइव्ह भरून देणारी, एवढी एक फळी वाढवायची. सीमाभागातल्या या वाचनालयांत मराठी पेपर ठेवा म्हणून आम्ही अर्ज करतोच. त्याच अर्जात ही एक ओळ घालता येईल. ही ओळ मराठीची नाही आणि कन्नडचीही नाही, त्यामुळं तिच्यावर कुणाची हरकत यायचं कारण नाही. निदान मला अजून सुचलेलं नाही.

दुसरी जबाबदारी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची. १९९८मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ, राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं ज्याच्या छत्राखाली आहेत, ते बेळगावच्या वेशीवर मच्छेला बसलंय. डेबियन-उबुंटूचा सर्वांना खुला, नीट सांभाळलेला मिरर, म्हणजे सगळ्या पॅकेजांची नक्कल ठेवणारा सर्व्हर, चालवणं अशा संस्थेला जड नाही. आयआयटींनी ते काम केलेलं आहे. मच्छेला भरलेली डिस्क सकाळच्या बसनं खानापूरला दीड तासाच्या आत पोचते. महाविद्यालयांतल्या पोरांना प्रकल्प म्हणून 'स्मार्ट डस्टबिन' करायला लावण्यापेक्षा आपल्या गावच्या शाळेला साठवणदार बसवून वर्षभर चालता ठेवणं, याला गुण द्यावेत. बसवायला एक दुपार लागते, चालता ठेवायला खरा अभियंता लागतो.

हे मोठ्या प्रमाणावर होत नाही म्हणणाऱ्यांनी केरळकडं बघावं. तिथं २००१मध्ये आयटी@स्कूल सुरू झालं, तेच आता 'काइट' आहे. सरकारी शाळांत त्यांनी स्वतःची लिनक्स आवृत्ती चालवली, शिक्षकांतूनच तज्ज्ञ तयार केले. त्यांच्याकडं पैसा जास्त होता असं कुणी म्हणेल. शिक्षकाला प्रशिक्षण द्यायचं की ठेकेदाराला टेंडर, या निवडीत पैसा किती लागतो हे मला कुणीतरी मांडून दाखवावं.

लिनक्स घडवणाऱ्यांकडं माझं मागणं लहान आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या बाकीच्या अपडेटपासून वेगळ्या, एका ठळक बटणात ठेवा. डेबियनमध्ये ती वेगळी वाट आहेच, पण पडद्यावर समोर येणारी खिडकी सगळ्याचा मिळून एक आकडा दाखवते, आणि तो आकडा बघूनच माणूस 'काप' म्हणतो. 'तातडीचं: दोन एमबी. उरलेलं: चारशे' असं दिसलं तर सर दोन एमबीला नाही म्हणणार नाहीत. त्याच खिडकीत 'पेन ड्राइव्हवरून घ्या' असं तिसरं बटण ठेवा. काळ्या पडद्यावर आज्ञा टाकून हे सगळं होतं, मला माहीत आहे. मी बेळगावात असतो आणि सर कणकुंबीत.

त्या शाळेत यंदा पावसाआधी साठवणदाराचं कॅबिनेट नेऊन ठेवलं. हेडमास्तरांनी विचारलं, याची नोंद कुठं करू? डेडस्टॉक रजिस्टरात संगणक म्हणून लिहावा तर मॉनिटर नाही, की-बोर्ड नाही. तपासणीला येणारे विचारतील, बाकीचा कुठं विकला? मी म्हटलं, मग ग्रंथालयाच्या रजिस्टरात लिहा. त्यांनी खरंच ते काढलं. नावाच्या रकान्यात 'डेबियन' लिहिलं, लेखकाच्या रकान्यात थोडा विचार करून 'अनेक' लिहिलं, किमतीत शून्य. पृष्ठसंख्येचा रकाना तेवढा त्यांनी पेन्सिलीनं टिंब देऊन मोकळा सोडलाय. पुढच्या खेपेला मोजून सांगा म्हणालेत.